पुढल्या सालची मोरी

माझे मामा गंगाधरराव यांना दुरुस्तीतलं जितकं कळत होतं तितकं त्या काळी मुंबईत क्वचितच कोणाला कळत असेल, आणि स्वतःच्या घरात त्यांनी एकही दुरुस्ती वेळेवर केली नाही. कोटातल्या एका सरकारी कचेरीत ते दुरुस्ती खात्याचे हेडक्लार्क होते. सरकारी इमारतींतून अर्ज यायचे. कुठे छप्पर गळतं, कुठे जिना हलतो, कुठे भिंतीला पोट आलंय. सगळ्या अर्जांना पुरेल एवढी मंजुरी कधीच नसायची. मग कोणता अर्ज साहेबापुढे ठेवायचा आणि कोणता खाली सरकवायचा, ते मामा ठरवायचे. त्यांचा नियम सोपा होता. साहेबाची नजर जिथे जाते ती दुरुस्ती आधी, जिथे जात नाही ती पुढल्या साली. या नियमावर त्यांची सगळी नोकरी सुखात गेली. साहेबाच्या पागेचा दरवाजा कधी करकरला नाही. मागे शिपायांच्या खोल्या होत्या, तिथली माणसं पावसाळ्यात कुठे निजायची ते मामांना ठाऊक नव्हतं.

वाईट एवढंच, की संध्याकाळी ट्रामने गिरगावात परत येताना मामा हा नियम कचेरीत ठेवून येत नसत.

आमची यशोदामामी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा स्वयंपाकघरामागच्या मोरीला नुकतीच नवी फरशी घातली होती. फरशी सुंदर होती, पण गवंड्याने ढाळ उलटा दिला होता. पाणी भोकाकडे जायच्या ऐवजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायचं आणि तिथे तळं करून बसायचं. मामी दिवसातून कितीदा तरी पदर खोचून खराटा घ्यायची आणि पाणी लोटत लोटत भोकापर्यंत पोचवून यायची. मागल्या दाराशी मासळी घेऊन येणारी काशीबाई कोळीण म्हणायची, "यशोदाबाय, तुजे मोरीन होरी चालंल गो." होरी म्हणजे होडी. पुढे मुंबईत तानसा तलावाचं पाणी आलं. घरात नळ आला. वाडीतल्या बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं, आणि मामीच्या वाट्याला लोटायला दुप्पट पाणी आलं.

"अहो, तेवढी मोरी," मामी म्हणायची.

"पुढल्या साली," मामा म्हणायचे.

मामा माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मामीवर कधी आवाज चढवला नाही. शनिवारी न चुकता तिच्यासाठी वेणी आणायचे, आणि तिच्या हातच्या मासळीच्या भुजण्याची तारीफ तर ट्राममधल्या अनोळखी माणसांपुढेही करायचे. पण त्यांचं स्नान वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात व्हायचं, आणि तिथला ढाळ उत्तम होता.

प्लेग यायच्या एक-दोन वर्षं आधी मामा पेन्शनीत निघाले. दोन्ही मुली सासरी नांदत होत्या, घर रिकामं झालं होतं, आणि अशात कोणा स्नेह्याने त्यांना माहीमला जेवायला बोलावलं. तिथे त्यांनी खाडीतून नुकतीच काढलेली कोलंबी खाल्ली. आम्हा पाठारे प्रभूंचा मासळीवर किती जीव, ते काही लपून राहिलेलं नाही. मामा परत आले ते घरात पाऊल टाकतानाच म्हणाले, "गिरगावात आजवर आपण मासळीची मढी खाल्ली." आठवड्याभरात त्यांचं ठरलं. हे घर विकायचं, माहीमला माडांमधली एक जागा घ्यायची आणि तिथे छोटंसं घर बांधून उरलेलं आयुष्य ताज्या मासळीत काढायचं. मामीला त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. मामी म्हणाली, "बरं."

मी तेव्हा पलीकडच्याच वाडीत सासरी होते आणि उठसूट मामांकडे पळायचे. त्यामुळे पुढचा सगळा तमाशा मी डोळ्यांनी पाहिला.

घर विकायच्या आधी काय दुरुस्त करायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न आला आणि मामांना जणू पुन्हा नोकरी लागली. पगडी घालून, हातात काठी घेऊन ते घरभर हिंडले. मी मागून. जिथे काठी दोनदा आपटली ते करायचं, जिथे नुसती फिरली ते सोडायचं. सज्ज्याच्या कठड्याला हिरवा रंग द्यायचा, कारण गिऱ्हाईक वाडीत शिरताच मान वर करतं. दाराच्या पितळी कड्या चिंचेने घासायच्या. जिन्याची तिसरी पायरी करकरते, तिला हात लावायचा नाही.

"मग ती वाजेल ना, मामा," मी म्हटलं.

"वाजणार नाही. तिच्यावर मी उभा असेन. पाहुण्याचं स्वागत तिथूनच करायचं."

दिवाणखान्यातल्या भिंतीला पोट आलं होतं, तिथे देवादिकांच्या मोठ्या तसबिरी लागल्या. मामांची आरामखुर्ची एका हलत्या लादीवर जाऊन बसली. झुंबराचे निम्मे लोलक कधीच गळून गेले होते. उरलेले सगळे काढून मामांनी दाराकडच्या बाजूला लावले आणि मागची बाजू भुंडी ठेवली. वरच्या तुळईला वाळवी लागली होती. मी ती दाखवली तर म्हणाले, "मंजुळे, एवढं झुंबर असताना माणूस तुळई कशाला बघेल?" आणि छप्पर? छप्पर चांगलंच गळत होतं. पण चैत्र होता. पाऊस यायच्या आत विक्री उरकायची म्हणजे छपराचा प्रश्नच मिटला. खरं सांगते, मला हे पाप वाटायला हवं होतं, पण हसू आवरत नव्हतं. आयुष्यभर ज्या विद्येवर साहेब खूश होते ती आता मामा आपल्याच घरावर चालवत होते आणि दहा वर्षांनी लहान दिसत होते.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काठी थांबली. आत मामी पाणी लोटत होती.

"मोरी?" मी विचारलं.

काठी नुसती फिरली. "घर बघायला पुरुषमाणूस येणार. तो मोरीत कशाला जाईल?"

मामीने खराटा भिंतीला टेकवला. "मी काही मागत नाही," ती म्हणाली. "झुंबर करा, कठडा करा. जाता जाता तेवढी मोरी करून द्या. या घरात एकदा तरी पाणी आपल्या पायांनी गेलेलं मला बघू द्या."

"अगं, आता कशाला? आपण तर चाललो."

"इतकी वर्षं राहत होतो तेव्हा पुढल्या साली म्हणालात. आता जातोय म्हणून कशाला म्हणता. मग माझी मोरी व्हायची कधी?"

मामांनी काठी बगलेत मारली आणि कठड्याचा रंग वाळला का ते बघायला निघून गेले. मामीने पुन्हा खराटा घेतला.

गिऱ्हाईक आलं ते माझगावचं. मनमोहनराव म्हणून आमच्याच ज्ञातीतले एक तरुण गृहस्थ, गोदीत नोकरीला, विधवा आई आणि बायकोमुलांसाठी घर शोधत होते. मामांचा सगळा हिशेब बरोबर निघाला. मनमोहनरावांनी वाडीत शिरताच मान वर केली आणि हिरवा कठडा बघून खूश झाले. मामा तिसऱ्या पायरीवर हात जोडून उभे होते. त्यांनी पाहुण्यांना बाजूने वर घेतलं आणि स्वतः ती पायरी न सोडता बराच वेळ गप्पा मारल्या. तुळईकडे कोणी पाहिलं नाही. निघताना मनमोहनराव म्हणाले, "मला घर पसंत आहे. फक्त आईच्या कानावर घालतो. ती काही परक्या घरी अशी घर बघायला येणार नाही, पण तिचा शब्द लागतो."

"अगदी बरोबर," पुन्हा तिसऱ्या पायरीवर जाऊन उभे राहिलेले मामा म्हणाले. आई येणार नाही हे ऐकून त्यांना केवढं बरं वाटलं ते मला दिसलं.

तेवढ्यात आतल्या दाराआडून मामीने मला खूण केली. परक्या पुरुषाशी ती स्वतः बोलणार नव्हती. तिने माझ्या हातात कुंकवाचा करंडा दिला आणि काय सांगायचं ते सांगितलं. मी बाहेर येऊन ते जसंच्या तसं म्हटलं. "मामी म्हणते, परवा आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. तुमच्या घरच्यांना पाठवा, आणि आईंनाही घेऊन या म्हणावं. कुंकू नसलं तरी पन्हं प्यायला यायला काय हरकत आहे?"

चैत्रगौरीचं बोलावणं कोणी नाकारत नाही, आणि दिलेलं कोणी परत घेत नाही. शिवाय हळदीकुंकवाला बायका येतात, आणि ज्ञातीतल्या बायकांना स्वयंपाकघर बंद नसतं. मनमोहनरावांनी आनंदाने हो म्हटलं. मामा त्यांना पोचवायला वळले, आणि त्या गडबडीत तिसरी पायरी सुटली आणि चांगली जोरात वाजली.

"हे तू मुद्दाम केलंस?" पाहुणे गेल्यावर मामांनी विचारलं.

"हो," मामी म्हणाली आणि हरभरे भिजत घालायला गेली.

मामांनी ताबडतोब परळहून दगडू गवंड्याला बोलावणं धाडलं. आता मोरीवर नजर जाणार होती, म्हणजे ती एकदम पहिल्या नंबरावर आली. दगडूने उकिडवं बसून फरशी ठोकून पाहिली. "काम हाय सकाळचं," तो म्हणाला. "पन चुना सुकाया दोन-तीन रोज पायजेत. तवर पान्याचा थेंब न्हाई." हळदीकुंकू परवावर, घरात हरभऱ्यांच्या टोपल्या, कैऱ्यांचा ढीग, घासायला निघालेली भांडी. पाण्याचा थेंब नाही म्हणजे गौरच उठवावी लागली असती. मामांनी दगडूला परत पाठवलं आणि दुसरा बंदोबस्त केला. हात धुवायला ओसरीवर मोठं पितळी घंगाळ मांडायचं, शेजारी तांब्या, वर गुलाबाच्या पाकळ्या. बायकांना दिवाणखान्यातच रोखायचं. आणि स्वयंपाकघराच्या दारात मला उभं करायचं.

"मी त्यांना काय सांगून अडवू?" मी विचारलं.

"काहीही सांग. विंचू निघाला म्हण."

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांनी घरात थांबायचं नसतं. पण मामांना घर सोडवेना, म्हणून ते वरच्या मजल्यावर जाऊन बसले. खाली दिवाणखाना बायकांनी भरला. गौरीपुढे आरास, आंब्याची डाळ, पन्हं, अत्तर. मनमोहनरावांची बायको आली आणि तिच्यामागून आई सुभद्राबाई आल्या. थोराड बांधा, पायघोळ शाल, आणि नजर अशी, की गौरीच्या आधी त्यांनी चारी कोपरे पाहून घेतले. झुंबराखाली आल्यावर त्या एक चक्कर मारून मागे गेल्या, भुंड्या बाजूकडे पाहिलं, आणि आरामखुर्चीत बसल्या. खाली लादी हलली. त्या जरा डुलल्या आणि पन्ह्याचा दुसरा पेला मागितला.

पन्हं पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "हात चिकट झाले. मोरी कुठे आहे?"

मी घंगाळ दाखवलं. पाकळ्या तरंगत होत्या.

"यात हात बुडवायला मी काय नवरदेव आहे का?" सुभद्राबाई म्हणाल्या आणि उठल्याच. मी दारात आडवी झाले. विंचवाचं सांगणार, इतक्यात पाठीमागून मामी म्हणाली, "या ना, आत या. मंजू, सरक."

वरून काठी आपटली. मी सरकले.

मामीने सुभद्राबाईंच्या हातावर तांब्याभर पाणी घातलं. पाणी फरशीवर पडलं, क्षणभर थबकलं आणि वळून सुभद्राबाईंच्याच पायांशी आलं. मामीचा चेहरा लाल झाला होता. आपल्या घरातली खोड पाहुण्याला दाखवायची म्हणजे बाईमाणसाला किती जड जातं. तरी ती सरळ उभी राहून म्हणाली, "हे असं आहे. माझं लग्न झाल्यापासून असंच आहे. घर घ्यायचं तर हे बघून घ्या."

सुभद्राबाईंनी खाली पाहिलं. मग शाल खांद्यावर टाकली, लुगडं वर खोचलं, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि एका दमात सगळं पाणी भोकापर्यंत लोटून दिलं. असा सराईत हात मी मामीशिवाय कोणाचा पाहिला नव्हता.

"आमच्याकडे माझगावात चुलीकडे येतं," त्या म्हणाल्या.

मामी अशी हसली, की मागे उभ्या असलेल्या बायका आत आल्या. झालं. एकीच्या घरचं धुरांडं नवरा मुंजीनंतर करणार होता, आणि मुंज झालेला मुलगा आता वकिली करत होता. एकीच्या कोठीच्या दाराला बिजागरीच नव्हती, ती रोज दार उचलून बाजूला ठेवायची. एक म्हातारी म्हणाली, आमच्या ह्यांनी मरताना विचारलं, काही इच्छा राहिली आहे का. मी म्हटलं, अहो, मरताय तुम्ही, पण विचारताच आहात तर गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावायची राहिलीय. बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या. गौर बाहेर एकटी बसली होती. वरची काठी केव्हाच बंद पडली होती.

दुसऱ्या दिवशी मनमोहनराव निरोप घेऊन आले. घर पसंत, ठरलेलं सगळं कबूल. आईचं म्हणणं एवढंच, की बाकी कशाला हात लावला नाहीत तरी चालेल, पण मोरीचा ढाळ नीट करून द्या.

"उद्याच," मामा म्हणाले.

आणि खरोखरच दुसऱ्या सकाळी दगडू आला. फरशी उचलली, खालचा थर उकरला, दोरी धरली, ढाळ दिला, फरशी परत बसवली, चुना भरला. जन्मात पहिल्यांदा मामा मोरीत उभे होते आणि काठीने इकडे कमी, तिकडे जास्त असं दगडूला शिकवत होते. दगडू हो हो म्हणत आपल्या मनाचंच करत होता. चुना सुकेपर्यंत भांडी परसात घासली. मग एका सकाळी मामी तांब्या घेऊन मोरीत गेली. मी उंबऱ्यावर होते, मामा मागे चहा पीत होते. मामीने पाणी ओतलं. पाणी नीट, काही न सांगता, भोकात निघून गेलं.

मामीने खराटा हातात घेतला होता. तो तसाच राहिला.

"मंजू," ती म्हणाली, "दगडूला किती वेळ लागला गं?"

"न्याहारीनंतर बसला आणि जेवणाआधी उठला."

"एवढंच होतं?" ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसून रडायला लागली. मामीला मी तिच्या मुलींच्या पाठवणीतही अशी रडताना पाहिलं नव्हतं. मला मामांचा असा राग आला, की तो चहाचा पेला त्यांच्या पगडीवर ओतावा.

"अगं, झाली ना आता मोरी?" मामा गोंधळून म्हणाले.

"कोणासाठी झाली?" मामीने विचारलं. "इतकी वर्षं पाणी मी लोटलं. आता ते आपल्या पायांनी जातंय तर सुभद्राबाईंनी ओतायचं? मी नाही येत माहीमला. तुम्ही जा. कोलंबी खा."

"मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय ना. मी कुठे दिलाय?"

त्यानंतर मामीने रुसवा धरला नाही, अबोलाही नाही. वेळेवर जेवण, पानात भुजणं, सगळं होतं. फक्त ती दिवसभर मोरीत पाणी ओतत होती. धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. मामा मागे मागे हिंडून समजूत घालायचे, माहीमची हवा, माहीमचे माड, माहीमची विहीर.

"तिथेही छान मोरी बांधू," ते एकदा म्हणाले.

"कधी?" मामीने विचारलं.

मामांनी तोंड उघडलं. त्यांच्यापाशी या प्रश्नाला जन्मभर एकच उत्तर होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. मग तोंड मिटून ते बाहेर निघून गेले. त्या दिवशी ते जेवायलाही उशिरा आले.

पुढे काही दिवस मामा सकाळीच घर सोडायचे आणि दिवेलागणीला परतायचे. कुठे जाता विचारलं तर सांगायचे नाहीत. अंगरख्याला चुना लागलेला असायचा. मग एके दिवशी त्यांनी भाड्याची गाडी बोलावली आणि मला म्हणाले, "मंजुळे, तुझ्या मामीला म्हणावं, फक्त बघायला चल. पसंत नाही पडलं तर मी मनमोहनरावांपुढे पगडी ठेवीन आणि शब्द परत घेईन." ते असं काही बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मामी लुगडं बदलून गाडीत बसली.

मामांनी विसार देऊन घेतलेल्या माहीमच्या त्या जागेत घर नव्हतं. भिंत नव्हती, पाया खणलेला नव्हता, साधी खुंटीसुद्धा ठोकली नव्हती. नुसते माड, एक विहीर, आणि मधोमध उघड्यावर एक मोरी. घडीव दगडाची, तिन्ही बाजूंनी बुटका कठडा, तोंडाशी पन्हळ आणि पन्हळ थेट माडांच्या आळ्यात. पलीकडच्या वाटेने मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या कोळणी थांबून बघत होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. गिरगावचा म्हातारा घराआधी मोरी बांधतोय, ही गोष्ट तोवर सगळ्या माहीममध्ये झाली होती. दगडू थापी पुसत बाजूला उभा होता. मामा भर उन्हात बोडक्या डोक्याने तिथे उभे राहिले.

"आधी ही," ते म्हणाले. "घर मागाहून."

मामीने विहिरीवरून कळशी भरून आणली आणि मोरीत ओतली. पाणी सरळ पन्हळीत शिरलं आणि माडाच्या मुळाशी गेलं. तिने दुसरी कळशी ओतली. मग मला पाठवून तिसरी आणवली.

"गेलं की सगळं पाणी," मामा हळूच म्हणाले. "नीट आहे ढाळ."

"असू दे," मामी म्हणाली. तिचे डोळे पन्हळीवरच होते. "मला बघू दे."

मामांनी माझ्या हातातली कळशी घेतली आणि ते विहिरीकडे गेले.